मैना फाटकाशी का थांबते

१४ नोव्हेंबर १९७७

आज पुन्हा तेच. रेल्वे फाटकाच्या अलीकडे, निंबापाशी मैना थांबली ती थांबलीच. फाटक उघडं, रस्ता मोकळा, मागे दोन ट्रक भोंगे वाजवताहेत. बाबा खाली उतरले, तोंडाशी धरून तिला पायी पलीकडे नेलं. तशी गेली गुमान. टांग्यात दोनच सवाऱ्या, त्या आधीच उतरून चालत्या झाल्या. एक माझ्या वर्गातली. "तेरे पिताजी की घोड़ी पागल हो गई क्या?" दिवसभर तेच डोक्यात.

लिहून ठेवते, नाहीतर कधीपासून ते मीच विसरेन. सप्टेंबरात याच फाटकात ट्रक अंगावर आला, टांगा कलंडला, शाळेची पद्मा खाली पडली. हात मोडला. आता बरा आहे तिचा हात. पण बाबांच्या टांग्यात शाळेच्या नऊ मुली बसायच्या. आता एकही नाही.

१७ नोव्हेंबर

मानसशास्त्राच्या सक्सेना मॅडमनी कॉलेजात प्रॅक्टिकल दिलं. कुणा एका माणसाचं किंवा जनावराचं वागणं महिनाभर बघायचं आणि लिहायचं. "किताब के चूहे सबको याद हैं, अपने घर की बिल्ली किसी ने नहीं देखी." कुणी धाकटा भाऊ घेतला, कुणी सासू. मी म्हटलं, घोडी. वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, पहले कारण मत ढूँढो. पहले देखो. कब, कहाँ, किसके साथ.

पणजोबा थोरल्या पातीच्या राजाच्या पागेत होते. आजोबाही तिथेच. आमच्या घरी चार पिढ्या घोडं आहे, पण घोड्याबद्दल कॉलेजात बोलणारी मी पहिली. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग हसू देत त्यांना. त्यांच्या घरी काय आहे बघायला?"

२२ नोव्हेंबर

वही केली. पाच दिवस फाटकापाशी उभी राहिले, कॉलेजच्या आधी आणि नंतर.

वाटलं होतं, गाडीच्या शिट्टीला घाबरते. नाही. फाटक बंद असताना मालगाडी समोरून धडधडत गेली, मैना रांगेत उभी राहून शेपटीनं माश्या हाकत होती. ट्रकला घाबरते? तेही नाही. ए. बी. रोडवर ट्रकच ट्रक, तिथं खुशाल चालते. फाटक उघडं असलं आणि पुढं जायचं असलं की थांबते. दर वेळी निंबापाशीच.

आणि एक. थांबायच्या आधी दोन्ही कान मागे जातात. समोर भीती असेल तर कान पुढं हवेत ना? मागे काय ऐकते ती?

२७ नोव्हेंबर

धारहून मामांचं कार्ड. बाबांनी त्यांना कळवलं होतं. मामांचा घोड्यातला शब्द घरात शेवटचा मानतात. लिहितात, तिच्या कपाळावर डाव्या अंगाला जो भोवरा आहे तो खोटा. अशी घोडी घरात ठेवू नये, मालकाला उतार लागतो.

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. मी म्हटलं, भोवरा काय सप्टेंबरात उगवला? सहा वर्षं आहे तो कपाळावर. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "बात तो बराबर आहे," म्हणाले आणि खरारा घेऊन मैनाकडे गेले.

२ डिसेंबर

आज मोठी गोष्ट झाली. रमजानचाचा बाबांच्या शेजारीच टांगा लावतात, तीस वर्षांची दोस्ती. त्यांना म्हटलं, चाचा, एकदा मैनाला तुम्ही हाका. बाबा मागच्या सीटवर, मी बाबांजवळ.

निंब आला. मैना गेली. थांबली नाही, बिचकली नाही, रूळ ओलांडून टपाटपा पलीकडे. परतताना पुन्हा गेली. पुन्हा नेली, पुन्हा गेली.

चाचा खूश. "लो भिया, कुछ नी हुआ इसको."

मीही वेड्यासारखी खूश. वहीत लिहून वर पाहिलं, तर बाबांचा चेहरा पार उतरलेला.

३ डिसेंबर

बाबा आज टांगा घेऊन गेलेच नाहीत. मैनाला चंदी-चारा घातला आणि ओट्यावर बसून राहिले. आईला म्हणाले, "तिला मी नको आहे. मी पोरीला पाडलं ते तिला कळतं. जनावर विसरत नाही."

हे मी काय करून ठेवलं.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, जे दिसलं ते एवढंच की एका हातात चालते, दुसऱ्या हातात थांबते. बाकी तुझ्या वडिलांनी जोडलं. बघणं आणि जोडणं, दोन वेगळी कामं. अजून बघ.

८ डिसेंबर

कन्नौदहून माणूस आला, घोडी विकत घ्यायला. चाचांनीच पाठवला, भल्यासाठीच. मैनाचे दात पाहिले, पाय उचलून नाल पाहिले. तिला माल ओढायला जुंपणार. आई आत निघून गेली. बाबा म्हणाले, विचार करून सांगतो. पंधरा दिवसांची मुदत.

मी बाबांना म्हटलं, पंधरा दिवस मला द्या. रोज एकदा फाटकापर्यंत चला, मी पुढं तुमच्या शेजारी बसते. काही बोलत नाही, नुसती बसते.

"त्यानं काय होणार, निमे?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

१० डिसेंबर

आता माहीत आहे.

आज बाबांच्या शेजारी बसून रस्ता पाहिलाच नाही. बाबांना पाहिलं. चौक, पिठाची चक्की, नाल्यावरची मोरी, इथपर्यंत लगामाची रास सैल, बोटांत नुसती लोंबती. मोरी ओलांडली आणि बाबांचं बोलणं बंद. खांदे वर. मुठी हळूहळू पोटाकडे आल्या, इतक्या हळू की त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. मैनाचे कान मागे गेले. निंब. थांबली.

तिच्या डोळ्यांना झापडं. मागचं काही दिसत नाही तिला. तिला बाबा म्हणजे फक्त ही रास. आणि रास म्हणत होती, थांब. तोंडानं बाबा म्हणत होते, चल गं बाई, चल. तिनं हाताचं ऐकलं. सहा वर्षं बाबांनीच शिकवलंय तिला, हाताचं ऐक म्हणून.

मैना वेडी नाही. आमची मैना तर एकदम शहाणी.

११ डिसेंबर

सांगितलं बाबांना. फार वाईट सांगितलं. मी सरळ म्हटलं, तुम्ही ओढता म्हणून ती थांबते.

"मी ओढतो?" तीस वर्षं रास धरतोय, म्हणाले. राजाच्या पागेतल्या माणसाचा नातू आहे मी. तू कॉलेजात जाऊन मला हात शिकवतेस?

जेवले नाहीत. रडत नाही मी सहसा.

१४ डिसेंबर

तीन दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. मॅडम म्हणतात, कुणालाही त्याचं वागणं बाहेरून सांगितलं की तो आधी नाहीच म्हणतो. हा दोष नाही, असंच असतं. आणि एक चांगलं सांगितलं. घोडी थांबली की दुसऱ्या दिवशी वडील आणखी घट्ट धरत असतील. घट्ट धरलं की ती आणखी लवकर थांबते. दोघं एकमेकांना शिकवताहेत.

संध्याकाळी भाजी निवडताना आई आपण होऊन म्हणाली, "दुपारी हे आडवे पडतात ना, तेव्हापण मुठी आवळलेल्या असतात. सप्टेंबरपासून. मी सोडवून ठेवते."

आईनं हे तीन महिने पाहिलंय. तिच्याकडे वही नव्हती एवढंच.

१६ डिसेंबर

सकाळी बाबा अंगणातून म्हणाले, "ये. दाखव काय ते."

टांगा अंगणात, मैना ठाणावर. बाबांना गादीवर बसवलं, रास हातात दिली. पुढची दोन्ही टोकं मी घेतली आणि पुढं, मैनाच्या जागी, पाठमोरी उभी राहिले. डोळे मिटले. म्हटलं, बाबा, घरापासून निघा. तोंडानं सांगत चला, मी मैना आहे. ओढलं असं वाटलं की हात वर करीन.

बाबा जरा हसले. "चौक," म्हणाले. "चक्की. बाजूला मिश्राजींचं दुकान." काही नाही, रास सैल. "मोरी."

माझ्या बोटांतून चामडं सरकलं. मी हात वर केला.

"मी ओढलं नाही."

"पुढं चला, बाबा."

"निंब," म्हणाले. आता इतकं ओढलं गेलं की मी एक पाऊल मागे आले. डोळे उघडून वळले. बाबा स्वतःच्या मुठींकडे बघत होते, दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तसे. बोटांची पेरं पांढरी.

रास मांडीवर ठेवून म्हणाले, "त्या दिवशी ट्रक दिसला आणि मी डावीकडे जोरात खेचलं. नसतं खेचलं तर टांगा कलंडला नसता. ती पोर..." मग म्हणाले, "कुणाला सांगितलं नाही. चाचालापण नाही."

मी म्हटलं, नसतं खेचलं तर ट्रकखाली सगळेच गेले असते. हे मला खरंच वाटतं. त्यांना वाटलं की नाही, माहीत नाही.

मग उठून मैनाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "माफ कर गं. तू बराबर होतीस."

किती माणसं जनावराची माफी मागतात? माझे बाबा मागतात.

१७ डिसेंबर

कन्नौदला निरोप. घोडी द्यायची नाही.

२६ डिसेंबर

रोजचा अभ्यास. मैनाचा नाही, बाबांचा. मोरीपर्यंत जायचं, बोटं मोकळी करायची, परत फिरायचं. दोन दिवस एवढंच. मग दहा पावलं पुढं. हात आवळले की पुढं जायचं नाही, मागे यायचं. घाई नाही.

बाबांनीच एक शोध लावला. बोलत राहिलं की हात सैल राहतात. गप्प झाले की आवळतात. म्हणून आता मोरीपासून मैनाशी गप्पा. हरभरे महागले, रमजानचा गुडघा दुखतो, निमाचा परीक्षेचा पर्चा जवळ आला. लोक बघून हसतात. बाबा हसू देतात.

हे माझ्या पुस्तकात कुठं नाही. मॅडमना सांगितलं, त्यांनी स्वतःच्या डायरीत उतरवून घेतलं.

४ जानेवारी १९७८

आज निंबाच्या पुढं गेलो, रुळाच्या चार पावलं अलीकडे थांबली. बाबा लगेच म्हणाले, "माझं होतं ते." परत फिरलो. ते माझ्याआधी ओळखतात आता.

११ जानेवारी

गेली.

बाबांच्या हातात, बाबा बोलता बोलता, उघड्या फाटकातून, दोन्ही रूळ ओलांडून. पलीकडे गेल्यावर बाबांना कळलं. वाक्य अर्धंच राहिलं. चाचा मागून येत होते, ते घंटी वाजवत राहिले पार बसस्टँडपर्यंत.

आईनं संध्याकाळी मैनाला गूळ दिला आणि मला काही नाही. म्हणाली, फाटकातून तू थोडीच चाललीस?

२८ जानेवारी

आज बाबा आमच्या वर्गात आले. मॅडमनी बोलावलं होतं. पांढरा शर्ट, टोपी, हातात रास. मला वाटलं गांगरतील. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मैं पढ़ा-लिखा नहीं हूँ, पर घोड़ी ने मुझे जो पढ़ाया वो बताता हूँ." नोव्हेंबरात हसली होती तीच मुलगी रासेचं टोक धरून पुढं उभी, डोळे मिटून. बाबा रस्ता सांगत होते. मोरीपाशी तिचा हात वर गेला. अजून जातो, थोडा. बाबांनीच वर्गाला सांगितलं, अजून थोडा जातो, लपवत नाही.

कुणीतरी विचारलं, घोड़ी को कैसे सुधारा? बाबा म्हणाले, "उसको नहीं. इसको," आणि हात दाखवला.

मी मागच्या बाकावर बसले होते. असं वाटत होतं की उठून सगळ्यांना सांगावं, हे माझे बाबा. सगळ्यांना माहीतच होतं.

१९ फेब्रुवारी

हिशेब लावून पाहिला वहीत. जानेवारीच्या मध्यापासून फाटकाशी तीनदा थांबली. तिन्ही वेळा बाबांनी कारण स्वतः सांगितलं. शाळेच्या तीन मुली परत बसतात. पद्मा नाही. तिच्या आईचंही काही चुकत नाही. तिच्याही मुठी असतीलच.

५ मार्च

सकाळी मॅडम टांगा-स्टँडवर आल्या. बाबांशी बोलायलाच. परीक्षा झाली की निर्मलाला एम.ए.ला उज्जैनला पाठवा, होस्टेल आहे, मी अर्ज आणून देते. ऐसी नज़र सबके पास नहीं होती, म्हणाल्या. माझ्यासमोर.

बाबा एका क्षणात म्हणाले, "भेजेंगे. क्यों नहीं भेजेंगे?" मग चाचांना सांगितलं, पानवाल्याला सांगितलं, एका अनोळखी सवारीलाही सांगितलं. लड़की एम.ए. करेगी. घोड़ों की, आदमियों की, सबकी.

दुपारी बाबांबरोबरच मी घरी निघाले. पुढं, शेजारी. बाबा उज्जैनबद्दलच बोलत होते. दर रविवारी येता येईल, दूर कुठं आहे, मीच टांगा घेऊन येईन एखाद वेळेस. मग बोलता बोलता गप्प झाले.

बसस्टँडच्या चौकात मैना थांबली.

फाटक नाही, मोरी नाही, निंब नाही. इथं ती जन्मात थांबली नव्हती. मागून बसचा भोंगा.

बाबांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. पेरं पांढरी.

"मी तर जा म्हणालो," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"मनापासून म्हणालो."

"माहीत आहे."

त्यांनी एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. मी मदत केली नाही. ती त्यांची त्यांनाच सोडवता येतात आता. बसवाला काहीतरी ओरडला. मैना शांत उभी होती, दोन्ही कान मागे, आमच्याकडे. माझ्या मांडीवर वही होती आणि कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते मला माहीत होतं. लिहिलं नाही.

अर्ज वीस तारखेपर्यंत द्यायचा आहे.