एबेलेसाठी केलेला फोन

३ फेब्रुवारी
आजही तेच. "भाडं सरकारकडून येईल" म्हटलं की पलीकडचा आवाज थंड. "अहो, घर आत्ताच गेलं बघा." जाहिरात मात्र संध्याकाळपर्यंत जागच्या जागी. सरकारी भाडेकरू नाकारायला डब्लिनमध्ये कायद्याने बंदी – म्हणून कुणी नाकारत नाही, घरंच 'जातात'. या गोड बोलण्याची किळस येते.

५ फेब्रुवारी
सरकारने राहायला दिलेल्या हॉटेलच्या या खोलीत वर्ष होत आलं. स्वयंपाकाला बंदी. मुलांनी खोल्यांबाहेरच्या बोळात खेळायला बंदी. आमच्यासारख्या बेघरांनी मागच्या दाराने यायचं – खऱ्या पाहुण्यांना दिसायला नको. माझी ऊना सहा वर्षांची, पण हसतेसुद्धा कुजबुजत. शेजारच्या खोलीतली एबेले नसती तर वेडी झाले असते. ऊना तापाने फणफणली तेव्हा मी बेकरीत रात्रपाळीला होते. एबेले तिच्या उशाशी बसून राहिली.

९ फेब्रुवारी
एबेले कॅब्रा भागात घर बघायला गेली होती. मालक हॅल्पिन दारातच म्हणाला, "उशीर केलात बाई. सकाळीच दिलं."
ती मला म्हणाली, "तू फोन कर गं. तुझं आयरिश नाव, तुझी इथली बोली. बघू काय म्हणतो."
केला. घर रिकामंच! "सरकारी भाडं? चालेल की. मघाशी एक नायजेरियन बाई आली होती, तिला कटवली. आपल्यातलं कुणी आलं तर बरं, काय?"
मी "हो" म्हटलं. तोंडात घाण गेल्यासारखं वाटलं.
एबेलेला शब्दन् शब्द सांगितला. ती रडली नाही. "तक्रार करते. साक्ष देशील?"
"हे काय विचारणं झालं? देणारच."

१० फेब्रुवारी
एबेलेची भेदभावाची तक्रार गेली. सुनावणी होईल तेव्हा मी लागेन.

१३ फेब्रुवारी
हॅल्पिनचा स्वतःहून फोन – "बघायला कधी येताय?"
नुसतं बघायला गेले. ऊनालाही नेलं. वर दोन खोल्या, मागे अंगण. ऊना वर-खाली धावत सुटली, कुणी गप्प केलं नाही. हॅल्पिनने तिला बिस्किट दिलं, डोक्यावरून हात फिरवला. "गोड आहे हो पोरगी."
मी त्याचा हात बाजूला केला नाही.

१६ फेब्रुवारी
चार बर्नरची शेगडी आहे तिथे.

२४ फेब्रुवारी
हॅल्पिनच्या घराची चावी मिळाली. माझ्या पिशव्या एबेलेनेच जिन्यावरून खाली आणल्या. "कुठल्या भागात गं?" मी भलत्याच भागाचं नाव सांगितलं. तिने घट्ट मिठी मारली. "तारीख लागली की फोन करते."
टॅक्सी वळायच्या आत तिचा नंबर ब्लॉक केला.