मागचा नट

सोमवार, ४ मार्च
बाबा एकदा म्हणाले होते, तू उजेड तुला बघायचंय तिथे पाडतोस, मला हवा तिथे नाही. मी दहा वर्षांचा होतो आणि ते गाडीखाली. टॉर्च माझ्या हातातून काढून त्यांनी धाकट्या बहिणीला दिला. ती सात वर्षांची. आज तिचं स्वतःचं गॅरेज आहे. योगायोग.

आजच हे का आठवलं कोण जाणे. असो. नवी वही, नवी सुरुवात.

मुद्दा असा. बाबांनी वाटणी केली तेव्हा व्हॅन मला दिली, हत्यारं धाकटीला. मोठा वाटा अर्थात माझा. व्हॅन सहा महिने खाली आवारात बंद पडून आहे. रविवारी धाकटी बाबांना कायमचं तिच्याकडे नेणार. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना आमचे दोन जिने होत नाहीत. फोनवर म्हणाली, दादा, गाडी चालू झाली तर तूच बाबांना तिच्यातून आण आणि गाडी ठेव तुझ्याकडे. नाही झाली तर टोचन करून तीही घेऊन जाते.

संकल्प: बाबा त्यांच्याच गाडीतून जाणार. चालवणार मी.

मंगळवार, ५ मार्च, सकाळी ७
निदान झालं. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे चार इंजेक्टर असतात, त्यातला एक गळतोय. काढायचा, साफ करायचा, बसवायचा. जेवणापर्यंत होईल.

दुपारी ४
इंजेक्टर आवळून धरणारा नट काढला. इंजेक्टर हलत नाही. कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणाला, काजळी धरून बसलाय साहेब, स्लाइड हॅमर लागेल. तुमच्या बहिणीकडे आहे की! म्हटलं, मी घरीच बनवतो. तो हसला. कौतुकाने असावं.

बुधवार, ६ मार्च
हत्यार तयार! एक सळई. तिच्या एका टोकाला वेल्डरकडून नट जोडून घेतला, तो इंजेक्टरच्या आट्यांवर बसतो. सळईवर मागेपुढे सरकायला डंबेलचं पाच किलोचं चाक. चाक जोरात वर ओढायचं, ते सळईच्या वरच्या टोकाच्या अडसरावर आपटतं आणि धक्क्याने इंजेक्टर वर येतो. डंबेल गेल्या वर्षीच्या संकल्पातलं. माझ्याकडे काही वाया जात नाही.

बायको म्हणाली, माझी सांडशी कुठाय? सांडशी इथे पकड म्हणून कामावर आहे. दूध उतू गेलं म्हणे. मोठ्या कामात असं व्हायचंच.

साठ धक्के. इंजेक्टर जागच्या जागी. दंड मात्र भरल्यासारखे वाटतायत.

गुरुवार, ७ मार्च
गंज सोडवायचं तेल ओतून मुरवलं. दोनशे धक्के. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, फरशी अजून किती दिवस फोडणार?

बाबा दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून ऐकत असतात. मुलगा कामाला लागलेला पाहून बरं वाटत असणार.

शुक्रवार, ८ मार्च
बाबांनी वरून हाक मारली. म्हणाले, मागचा नट काढलास का रे?

कुठला मागचा?

म्हणाले, प्रत्येकाला दोन असतात. पुढचा दिसतो.

टॉर्च मारून पाहिलं. इंजेक्टरच्या पाठीमागे, तेलकट काळ्या थराखाली नट होता. तीन दिवस मी आवळून बसवलेली वस्तू उपटत होतो.

त्यांना म्हणे आवाजावरून कळलं. पहिल्याच दिवशी. मग सांगितलं का नाही? म्हणाले, तू विचारलं नाहीस. मग जरा वेळाने म्हणाले, काम करताना शिट्टी वाजवत होतास. फार वर्षांनी ऐकली.

यावर नंतर विचार करू. मुख्य अडथळा आता दूर झालाय.

शनिवार, ९ मार्च
मागचा नट निघाला. इंजेक्टर तरीही चिकटलेलाच. म्हणजे वेल्डरचं खरं होतं, पर्यायाने माझंही. शेवटचा धक्का मनापासून दिला.

इंजेक्टरचा वरचा अर्धा भाग बाहेर आला. खालचा अर्धा आत राहिला. चाक माझ्या पायावर.

बायकोने बर्फ आणला. सांडशीचं नावही काढलं नाही. तेव्हा कळलं, प्रकरण गंभीर आहे.

रविवार, १० मार्च, सकाळी ८
बाबांची बॅग दाराशी आहे. औषधांच्या डब्यांवर वेळा लिहून चिकटवल्या. तेवढं जमलं.

धाकटी दहाला येईल. टोचन केलेल्या गाडीतही स्टिअरिंगवर कुणीतरी लागतं. मी बसणार होतो, पण सुजलेल्या पायाने ब्रेक दाबता येत नाही. वेल्डर बसणार आहे.

तिला मेसेज लिहिलाय, अजून पाठवला नाही. उत्तर ठाऊक आहे. इंजिनावर वाकते तेव्हा तिच्या कपाळावर दिवा बांधलेला असतो. मान वळेल तिथे उजेड. दुसऱ्या माणसाचं कामच नाही.

तरी पाठवतो.

अगं, बाबांना ने. गाडीही ने. फक्त तो आत राहिलेला अर्धा काढशील त्या दिवशी कपाळावर दिवा बांधू नकोस. मला बोलाव. टॉर्च मी धरतो. तू सांगशील तिथेच.