बाबांच्या हातची अक्षरे

आषाढ व. ४, शके १८११
मालकांनी छापखान्यात बोलावले. कल्याणास नाटकमंडळी उतरणार, जाहिरातींना मोठी अक्षरे हवीत. शिशाच्या खिळ्यांची छापील अक्षरे कवायतीला उभी केल्यासारखी दिसतात म्हणाले. कुंचल्याने सहज लिहिल्यासारखे ठसे लाकडात कोरून दे. मी म्हणालो, असा हात आमच्या बाबांचा. चाळीस वर्षे चेंदणी कोळीवाड्याच्या होड्यांवर नावे रंगवली त्यांनी. बोलून गेलो, मग आठवले. अर्धांगाने उजवा हात जाऊन पाच महिने झाले.

आ. व. ६
बाबांना विचारले. भिंतीकडे वळून निजले. वाचाही अडखळते, त्यामुळे राग की दुःख, कळेना. कुटुंब म्हणाले, पुन्हा विचारू नका.

आ. व. ९
खाडीवर गेलो. होड्या झावळ्यांखाली. नावे पुसट, पण आहेत. तेलकागद लावून एकेक अक्षर उतरवले. प्रत्येक कान्याच्या पायाशी रंग दाट. तिथे बाबा क्षणभर थांबत असावेत. लहानपणी शेजारी बसूनही हे कधी पाहिले नव्हते.

अमावास्या
पौर्णिमेला होड्या पाण्यात जाणार, त्याआधी नवा रंग, म्हणजे जुनी नावे जाणार. धर्मा कोळी डबा घेऊनच उभा होता. सगळे सांगितले. म्हणाला, "बाबाचा हात हाय तो. तुजा झाल्याबिगर मी रंग लावाचा नाय." डबा बाजूला ठेवून कागदाचे टोक धरून बसला.

श्रावण शु. ३
सारी अक्षरे मिळाली, फक्त झ नाही. एकाही होडीच्या नावात नाही. बाकीच्यांवरून अंदाज बांधून मीच कोरला. बरा उतरला.

श्रा. शु. ६
पहिला छाप मालकांना फार आवडला. घरी आणून बाबांपुढे धरला. बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत होते. डोळे भरलेले. ‘झ’पाशी बोट थांबले. "हा माझा नाही."
पाच महिन्यांत इतके स्पष्ट पहिल्यांदाच. मग खुणेने कुंचला मागितला. डाव्या हातात.

श्रा. शु. ८
बाबांचा झ वाकडा, थरथरता. मालकांना दाखवला. हसले नाहीत, पण इतरांच्या पंगतीत बसत नाही म्हणाले, तुझाच राहू दे. काय ते पौर्णिमेपर्यंत कळवायचे आहे. माझा झ नीटनेटका आहे, खरे. पण

श्रा. शु. १२
दुपारी घरी आलो तो पडवीची भिंत गेरूने भरलेली. सगळे झ. वीस-बावीस तरी. कुटुंब गेरूची वाटी धरून उभे, पदराला लाल डाग. पहिले झ कोलमडलेले, पुढचे हळूहळू उभे राहू लागलेले. बाबा घामाघूम. मी विचारले, बाबा, यातला कोणता कोरू?
त्यांनी भिंतीची उरलेली कोरी जागा दाखवली.