वाघोबाच्या खिंडीतली घंटी

बोईसर, सप्टेंबर १९६७

ती. आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी धडधाकट आहे, जेवणही वेळेवर होतं. दाजींचा खोकला थांबला का?

रविवारी आमचं सायकल मंडळ पालघरहून मनोरला निघालं. घडीत ऊन, घडीत सर. खिंडीत दर वळणावर पुढच्यानं दोनदा घंटी वाजवायची, शेवटच्यानं एकदा उत्तर द्यायचं, हा आमचा नेम. पुढे मी होतो, शेवटी साखरबाई मावशींचा पंढरी. उतारावर एका वळणाला उत्तर आलं नाही. मागे फिरलो. ओले ब्रेक लागलेच नव्हते, तो खाली दगडांत पडला होता. आमच्या मंडळातल्या, इथल्याच जिवल्यानं त्याला पाठीवर घेतलं. "जीव हाय अजून," एवढंच तो म्हणत राहिला.

पंढरी अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर नीट बोलत नाहीत. साखरबाई मावशींना बोलावू की नको, काही सुचत नाही. तूर्त त्यांच्या लेकाचा पाय मुरगळलाय, एवढंच सांग.

त्याच्या सायकलीची घंटी सोडवून मी त्याच्या हाताखाली ठेवली आहे. कामावरून सुटलो की दवाखान्यात जातो, माझी घंटी त्याच्या कानाशी दोनदा वाजवतो आणि थांबून राहतो.

तुझा,
रामकिसन