दोघांसाठी सोयीचं घर

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी आणि कंपनीने राहायला दिलेलं घर. पहिला मजला, तीन खोल्या, स्वयंपाकघराला रस्त्याकडची रुंद खिडकी. आमच्या लेकीने, म्हणजे टकळीने (वय वर्षं सहा, तोंड मिटत नाही म्हणून हे नाव), आल्या आल्या मधली खोली स्वतःची असल्याचं जाहीर केलं आणि आत यायचं तर दार वाजवायचं असं आईला बजावलं. बायको म्हणाली, बापाची भाषणबाजी पोरीत उतरलीय. एका घरात दोन वक्ते म्हटल्यावर मी कान कुठे गहाण ठेवू, असंही तिने विचारलं.

४ नोव्हेंबर
कंपनी भाड्याची घरं दाखवते, संकेतस्थळ चौदा भाषांत. त्यातली मराठी पानं पार मोडलेली. कुठे अर्धं वाक्य, कुठे परक्या लिपीचा तुकडा, कुठे नुसतीच पांढरी जागा. अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर व्यासपीठावरून सांगत आलो की भाषेची विटंबना ही माणसाची विटंबना असते. आता बोलणं पुरे, दुरुस्त करायची वेळ आली.

पद्धत सोपी आहे. मी वाक्य लिहायचं, शेजारच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंनी मंजूर करायचं. मंजूर वाक्य यंत्राच्या साठ्यात जातं, त्याला इथे कोठार म्हणतात. कोठारातून ते चौदाही भाषांत आपोआप पसरतं. मंजूर झालेलं वाक्य पुन्हा कुणी उघडायचं नाही. हा नियम मला फार आवडला. शब्द दिला म्हणजे दिला!

७ नोव्हेंबर
आज गंमतच झाली. आम्ही राहतो त्याच घराचं पान हाती आलं. आमच्याआधी ते भाड्याने द्यायचं होतं, पान तसंच पडून राहिलेलं, मराठीत कोरं. शेजारच्या घराच्या पानावरचा मजकूर उचलून त्यात ठेवून दिला. इथे सगळेच तसं करतात; आधी जागा भरायची, मग सवडीने बदलायचं. माझी सवड व्हायच्या आत बाईंनी मंजूर करून टाकलं. ‘दोघांसाठी सोयीचं घर. दोन खोल्या, दोन खुर्च्या. शांत.’

घरी सांगितलं तर टकळी फुरंगटली, मग मी कुठे राहू म्हणून. ‘शांत’ ऐकून बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

१० नोव्हेंबर
मधल्या खोलीचं दार उघडत नाही. लाकूड फुगलं असावं. टकळी आमच्याजवळ झोपली. एक खुर्ची कुठे दिसत नाही. बायको म्हणते, दोनच तर होत्या.

१२ नोव्हेंबर
दार नाही. भिंत आहे. जुना रंग, खिळ्यांची भोकंसुद्धा जुनी. बायकोला हाताला धरून दाखवलं. तिने माझं कपाळ चाचपलं आणि हळूच विचारलं, अहो, इथे खोली होती तरी कधी? टकळी पलंगाच्या कडेला बसली होती. गप्प.

ही पोर तापातसुद्धा गप्प बसत नाही.

१३ नोव्हेंबर
कचेरीत पान उघडून ‘तिघांसाठी’ लिहिलं. कोठाराने जुनं वाक्य परत आणून ठेवलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. दुसऱ्या भाषा पाहिल्या. ज्या लिप्या मला वाचता येत नाहीत त्यांतही आकडा कळतो. २.

बाईंच्या टेबलावर मूठ आपटली. गरजलो, की नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नाही. तुमच्या एका वाक्यापायी माझं जिवंत लेकरू— सगळी कचेरी वळून बघत होती. बाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, असाच आरडाओरडा मीही केला होता इथे. कशासाठी ते आता आठवत नाही. घरात दोन पलंग आहेत, झोपते एकावरच.

१५ नोव्हेंबर
बायकोने दोन ताटं घेतली. तिसरं मी घेतलं. तिने ते पुसून परत ठेवलं आणि विचारलं, कुणी यायचंय का जेवायला?

टकळी तिच्या पुढ्यात उभी होती. ‘आई, आई’ म्हणत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बायको तिच्यातून आरपार खिडकीबाहेर बघत—

१६ नोव्हेंबर
दूध आणायला निघालो. उंबरठा ओलांडला आणि मागून हसू ऐकू आलं. टकळीचं! पाठोपाठ बायको ओरडली, अगं बये, दूध येईपर्यंत तरी तोंडाला कुलूप लाव.

धावत आत गेलो. शांत. टकळी भिंतीच्या रंगाची झालेली.

बाहेर आलो. हसू.
आत. शांत.

घर दोघांसाठी आहे. कोणती दोघं, ते मी लिहिलेलं नाही.

१७ नोव्हेंबर
समोरच्या बाकावर बसून लिहितोय. सोबत फक्त ही वही. तत्त्वासाठी घरावर पाणी सोडीन असं शंभर सभांत म्हणालो, टाळ्या घेतल्या. तेव्हा घर म्हणजे काय हे कुठे ठाऊक होतं.

खिडकीत दोघी दिसतायत. टकळीचं तोंड अखंड चालू आहे. बायको कपाळावर हात मारून हसतेय. बोल पोरी. बोल.

तिने मला पाहिलं. हात केला— नाही, बोट दाखवलं. आईला काहीतरी विचारतेय. आई वाकून बघतेय. माझ्याकडेच. नीट बघतेय—

खांदे उडवले. पडदा ओढला.

संध्याकाळ
बाक गार पडलाय. इथे कशाला बसलोय— काहीतरी लिहायचं होतं. वर, पडद्यामागे, एक लहान मुलगी हसतेय. किती छान हसते. कुणाची बरं ही—