हिरव्या पाकिटाची जागा

प्रिय ताई,

तुझा मेसेज वाचला. "बाबांच्या तोंडाला काळं फासून तुला काय मिळालं?" असं तू विचारलंस. काही मिळालं नाही गं. होतं तेही गेलं. आता वसतिगृहाच्या खोलीत बसून असते, जेवायचंही सुचत नाही. पत्र बघून हसू नकोस. बाबा दिवसभर तुझ्या नाश्त्याच्या दुकानात तुझाच फोन घेऊन बेसबॉल बघत बसतात, म्हणून फोनवर काही लिहायची सोय नाही. हे वाचून झालं की शेगडीत घाल.

त्या दिवशी मी त्यांना फोनवर सांगितलं की डॉक्टरेट सोडली, कंटाळा आला. तू शेजारीच अंडी फोडत होतीस, ऐकलंसच सगळं. "कंटाळा? मी अख्खा जन्म कारखान्यात लेथ यंत्रापुढे उभा राहिलो, मला नाही आला तो कंटाळा! तुला बरा खुर्चीत बसून येतो!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, त्यानंतर माझा फोन उचललेला नाही. ताई, मी खोटं बोलले. मला या कामाचा कधीच कंटाळा आला नाही. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की तेलाचा वास यायचा, आणि मला वाटायचं, चला, घरी आलो.

माझं काम तुला कधी धड सांगितलंच नाही. तू विचारायचीस आणि मी "लोखंड तापतं" म्हणून उडवून लावायचे. खरं तर तेवढंच आहे ते. यंत्र चालू झालं की तापतं, तापलं की जरासं फुगतं, झुकतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण तेवढ्यानंही काप चुकतो. बाबा सकाळी लेथ आधी नुसताच फिरवून घ्यायचे ना, ते ह्याचसाठी. मी यंत्राला तापमापी बसवली आणि एक सूत्र बांधलं. तापमापीवरून यंत्र किती हललं ते ओळखायचं आणि हत्यार आपोआप तेवढं सरकवायचं. सूत्र सुरू करण्याआधीचे काप वेडेवाकडे, नंतरचे आरशासारखे. माझे मार्गदर्शक लाय सर तर पाहुण्यांना सांगत सुटले, "आमच्या मू-युनचं यंत्र मू-युनपेक्षा शहाणं आहे!" प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, सह्यासुद्धा झाल्या. पदवी तेवढी हातात पडायची राहिली होती.

मधल्या काळात फेंगयुआनच्या एका कारखान्यानं माझं सूत्र वापरायला घेतलं. माणसाच्या खुब्यात बसवायचे धातूचे गोळे करतात ते. त्यांच्याकडे एकही गोळा धड निघेना. तपासणीत सगळे बाद झाले, कुणाच्या शरीरात गेले नाहीत, एवढीच देवाची कृपा. मी तिथे महिनोन्‌महिने खेटे घातले. मालक एका शब्दानं रागावला नाही. चहा ओतता ओतता म्हणाला, "बाई, तुमचं सूत्र फक्त तुमच्याच यंत्राचं ऐकतं वाटतं." मी हसले. चहा संपवला आणि पुन्हा यंत्राकडे गेले.

मग प्रयोगशाळेत एक दिवस पाकिटाची मुदत संपली. तुझ्या गल्ल्यावर असतं तेच गं, मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. त्याचं नावच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून ते वर ठेवलं की यंत्रं बिघडत नाहीत, निमूट ऐकतात म्हणे. आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर एक असतं. मुदत संपलेलं ठेवायचं नाही, मधेच कुणी खायचं नाही. माझ्या यंत्रावर त्याची जागासुद्धा ठरलेली, लाल टेपनं आखलेला चौकोन. जुनं काढलं, नवं आणायचं राहून गेलं, आणि त्या दिवशीचे सगळे काप बिघडले. दुसऱ्या दिवशी नवं ठेवलं, पुन्हा आरसा! को-वेई, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, टाळ्या पिटत ओरडला, "बघा! आणि म्हणे विज्ञान शिकताय! पाकिटाला हात जोडा आधी!" सगळी प्रयोगशाळा हसत होती. मी मात्र मान वर करून छताकडे बघत होते.

कारण चौकोन होता तिथेच वरून वातानुकूलनाचा थंड झोत येतो. तो यंत्राच्या खांबाच्या एकाच अंगावर पडायचा आणि खांब झुकायचा. पाकीट झोत अडवत होतं. मी पाकीट ठेवून सूत्र बंद केलं. काप तितकाच सुरेख आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे झोत अडल्यावर चुकायला काही उरतच नव्हतं आणि सूत्र नुसतं मिरवत होतं. जिथे खरंच काम करायची वेळ आली, त्या कारखान्यात त्यानं माती खाल्ली. माझी सगळी तरुण वर्षं मी कुरकुऱ्यांच्या पाकिटाच्या करामतीवर प्रबंध लिहिला, ताई.

लाय सर वाईट नाहीत. मी हे सांगितल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "अगं, 'प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या परिस्थितीत' असं एक वाक्य टाक आणि मोकळी हो. आपल्या देशात पाकिटाशिवायचं यंत्र दाखव मला एक! नेहमीचीच परिस्थिती आहे ती!" मलाही हसू आलं. पण तो कारखानेवाला डोळ्यांसमोरून हलेना. आज त्याच्या तपासणीत सापडलं, उद्या दुसऱ्या कुणाच्या नाही सापडलं तर? मी प्रबंध मागे घेतला. सर रागावले नाहीत, फक्त त्यांनी माझ्याकडे बघायचं सोडलं. नव्यानं सुरुवात कर म्हणतात सगळे. कशानं करू? रोज सकाळी उठते आणि जायला जागाच नसते. मी संपले असं वाटतं. तुला खोटा धीर देण्यात अर्थ नाही.

तू म्हणशील, एवढंच होतं तर बाबांना सरळ सांगायचं ना. हे पत्र त्याचसाठी आहे. तो लाल चौकोन बाबांनी आखलाय. ज्या दिवशी मी पहिल्यांदा सूत्र चालवणार होते, त्या दिवशी ते आपल्या शेनकांगहून बस बदलत आले होते. पाकीट आधी देवळात नेऊन धुपावरून ओवाळलेलं, नवा सदरा, बूट दाराबाहेर काढून ठेवलेले. यंत्राभोवती फिरून त्यांनी जागा निवडली, खिशातून टेप काढली आणि लाय सरांना दटावलं, "इथेच ठेवायचं हं, प्रोफेसर. हलवायचं नाही." एवढा वडीलधारा माणूस, म्हणून कुणी कधी हलवलं नाही, आणि काप सुधारले ते सूत्रामुळे असंच सगळ्यांना वाटत राहिलं. आता विभागात हा विनोद झालाय, फोनाफोनी फिरतोय, उद्या देवळासमोरच्या त्यांच्या चहाच्या टोळक्यातही पोचेल. आणि "पाकिटानं झोत अडवला" एवढं कानावर पडलं की बाबांना बाकी काही सांगावं लागणार नाही. जन्मभर लेथ चालवलाय त्यांनी, तिथल्या तिथे कळेल, की ती जागा त्यांनीच निवडली होती. मग ते एक घास गिळणार नाहीत. म्हणून टोळक्यातल्या म्हाताऱ्यांना आधी गाठ, हातापाया पड, पण हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. मी आळशी, नतद्रष्ट, हेच त्यांना खरं वाटू दे. माझ्यावर चिडून का होईना, दोन वाट्या भात जास्त जातो त्यांना. नववर्षाला मी येणार नाही. माझा विषय निघाला की माझी बाजू घेऊ नकोस, ताई. त्यांच्यासमोर मला मनसोक्त शिव्या दे, आतापर्यंत देत होतीस तशाच.

तुझीच,
मू-युन