झिपरू गावित यांचे तोंड परत करण्याबाबत

मी, सावळीराम गोटीराम जोर्वेकर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मुखवटे व प्लास्टरकाम, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण ती कोणा जिवंत माणसाची नाही. वकीलसाहेब म्हणाले, हे वाक्य मृत्युपत्रात शोभत नाही. मी म्हटले, राहू द्या. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात ठोके जलद असल्याचे लिहिले आहे, ते खरे आहे.

१. राहते घर मुलगा दीपक याला मिळावे. बँकेतली ठेव आणि माझी कैलासवासी पत्नी सिंधुबाई हिचे दागिने मुलगी उज्वला हिला. दीपकने यावर कुरकुर करू नये. उज्वला रंगाने आईवर गेली. तिला पाहायला येणारी मंडळी अंगणात वाळत घातलेले माझे काळे मुखवटे बघत, मग तिच्याकडे बघत, आणि पोहे संपवून उठत. नऊ वेळा असे झाले. अंगणातून मुखवटे हलवावेत एवढेही मला सुचले नाही. दागिन्यांनी ते भरून येणार नाही, हे मला कळते.

माझे नाव सावळीराम, रंग मात्र गोरापान. आईने मुद्दाम ठेवले, गोऱ्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे माझ्या धंद्याचा मुहूर्त बारशालाच झाला म्हणायचा.

२. कारखान्यातली हत्यारे, ब्रश आणि दाराशी उभ्या करायच्या बाईचा साचा दीपकला. नव्वद सालानंतर गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत इमारती उठू लागल्या आणि प्रत्येक बिल्डरची मागणी ठरलेली असे. दाराशी हात जोडलेली बाई, गुलाबी रंगाची. चालू बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून टांगायला राक्षसाचे तोंड, काळे कुळकुळीत. प्लास्टर एकाच पोत्यातले. नाक सरळ काढले की ती दाराशी उभी राही; नाक बसके आणि ओठ जाड केले की ते वर टांगले जाई. हे मला कोणी शिकवले नाही. कॅलेंडरे, सिनेमाच्या पाट्या, शाळेतले तक्ते बघून हाताला आपोआप येत होते. तीस वर्षांच्या धंद्यात एकाही गिऱ्हाइकाने गोरा राक्षस मागितला नाही, आणि मलाही तो सुचला नाही.

३. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, गोणपाटात गुंडाळलेला एका तोंडाचा साचा आहे. तो माझा नाही. त्याची हकीकत लिहिल्याशिवाय दीपक तो देणार नाही, म्हणून लिहितो.

सन १९९३ मध्ये झिपरू वाळू गावित हा सुरगाण्याच्या पुढच्या डोंगरातला माणूस भाताची कापणी आटोपून कामाला नाशकात आला. मी त्याला प्लास्टर चाळायला ठेवले. त्यांच्याकडे बोहाड्यात देवांचे मुखवटे घालून नाचतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. झिपरूच्या घराकडे एका देवाचा मान होता. त्यांचा मुखवटा वाळवीने खाल्ला होता. मी म्हटले, तुझ्या तोंडावरून साचा घेतो आणि त्यावर तुला नवा देव घडवून देतो. तो तिथल्या तिथे आडवा झाला. तोंडाला खोबरेल तेल, नाकपुड्यांत पपईच्या देठाच्या नळ्या आणि वरून प्लास्टर. वीस मिनिटे तो हलला नाही.

देव राहून गेला. त्या साच्यातून निघालेल्या तोंडावर मी शिंगे बसवली, जीभ बाहेर काढली, काळा ऑइलपेंट मारला. बिल्डर म्हणाले, हा जिवंत वाटतो. मग दुसरा कोणी मागेचना.

सन १९९६ मध्ये झिपरू इंदिरानगरच्या एका इमारतीवर घमेली वाहत होता. तिसऱ्या स्लॅबवर त्याला स्वतःचे तोंड टांगलेले दिसले. बरोबरचे मजूर त्याला आधीपासूनच राक्षस म्हणत होते, ते का, हे त्याला तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आला.

“शेट, ह्यां माझां तोंड आहा.”

मी म्हणालो, “अरे, तुम्हा लोकांची तोंडं सगळी सारखीच असतात.”

“सारखी नाय. भुवईवर बैलाचा शिंग लागलेला, ती खूण माझी आहा.” त्याने बोट ठेवून दाखवले. “सोंग उतरव, शेट. नाचून झालां का सोंग उतरवायचा असतो, नाय त माणूस त्यातच राहतो. लोकांच्या बिल्डिंगांची नजर माझ्या तोंडावर पडते. मग माझ्या घरावर मी काय टांगू?”

मी हसलो. चहा मागवला. तो न पिता गेला, आणि आमच्याकडे परत आला नाही.

२००१ साली त्याची मुलगी अंबूबाई द्राक्षांच्या कामासाठी निफाडला आली होती, ती वाटेत मला शोधत आली. “बा वाळत गेला,” ती म्हणाली. “भाकर खायचा, पन अंगाला लागं ना. जायच्या आधी सांगून गेला, शेटकडून माझां तोंड आन.” मी तिला सांगितले, साचा फुटला. तो पेटीत होता. त्या महिन्यात मी त्यातून चाळीस नग काढले.

तेव्हापासून माझ्या मागे हे लागले आहे. नजर लागते हे खरे असेल, तर अख्ख्या शहराची नजर मी एका गरीब माणसाच्या तोंडावर घेतली आणि त्याला मारले. खोटे असेल, तर तीस वर्षे मी लोकांना फसवले. तिसरी वाट मला सापडत नाही. सिटी बसमध्ये मी खिडकीशी बसत नाही. कुठे बांधकाम दिसले की मान खाली घालतो, कारण तो वरून बघत असतो. न्हाव्याने तोंडाला फेस लावला की जीव घाबरा होतो.

मागच्या महिन्यात उज्वलाला म्हटले, माझ्या तोंडाचा साचा घे. तिने तेल लावले, नळ्या घातल्या. प्लास्टर आवळत जाताना तापते, हे मी हजार वेळा लोकांना सांगितले असेल. स्वतःच्या तोंडावर तापू लागले तेव्हा मी चार मिनिटांत हातपाय झाडून उठलो आणि पोरीच्या हाताला ओरखडे काढले. झिपरू वीस मिनिटे पडून होता. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

४. वरील साचा आणि शिल्लक सर्व मुखवटे अंबूबाईच्या हवाली करावेत. तिने फोडावेत, पुरावेत की पुजावेत, हे तिने ठरवावे. दीपकने स्वतः सुरगाण्याला जावे, एसटीच्या पार्सलने पाठवू नये. आणि साचा फुटला नव्हता, हे तिला तोंडावर सांगावे.

५. उज्वलाने दुसऱ्या खेपेला घेतलेला माझ्या तोंडाचा साचा दीपकला. राक्षसाचा धंदा चालवायचाच असेल तर यातून चालवावा, आणि रंग माझा आहे तोच द्यावा. तो म्हणाला, “बाबा, तुमच्या गोऱ्या तोंडाला कोण भिणार?” मी भितो. एक गिऱ्हाईक तरी झाले.

६. माझे प्रेत उचलण्याआधी आमच्या गच्चीवरचा मुखवटा दीपकने उतरवावा. हो, आमच्याही घरावर झिपरूच आहे, १९९४ पासून. सगळे कळल्यावरही मी तो काढला नाही. काढला आणि नातवंडांना काही झाले तर, ही भीती.

७. माझ्या तोंडावर कापड टाकू नये.

साक्षीला अंबूबाईला बसवायचे होते. पण जिला काही मिळते तिची सही चालत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. तिच्या घराला माझ्याकडून मिळाले ते एवढेच.

सह्या होण्यापूर्वी हाताने वाढवलेला मजकूर: कलम सहा वाचून दाखवताना दीपकने विचारले, “तुम्ही असतानाच का नाही काढत, बाबा?” डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटले, तरी चढलो. मुखवटा मी स्वतः उतरवला आहे, म्हणून कलम सहा रद्द समजावे. दहा पावसाळ्यांत काळा रंग बहुतेक धुऊन गेला आहे. शिंगे गळाली आहेत. भुवईवरची खूण तेवढी स्पष्ट आहे. तो आत्ता माझ्या मांडीवर आहे.

आता आमच्या घरावर काही नाही. मला फार भीती वाटते आहे. झिपरूच्या घरावरही काही नव्हते.

सही: सावळीराम गोटीराम जोर्वेकर

आमच्या समक्ष सही केली. वाढवलेल्या मजकुरावर आमच्याही सह्या आहेत.
साक्षीदार १: भिकन रामा शेवाळे, चुना-प्लास्टरचे दुकानदार, पंचवटी
साक्षीदार २: डॉ. ललिता अहिरराव, सिडको

ठिकाण: नाशिक
दिनांक: ११ मार्च २००४